वाचकांचे प्रश्न : आजार सांभाळून बर्फावर उतरताना

प्रश्न : माझे वय ४८ वर्षे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयात यांत्रिक झडप बसवण्यात आली असून तेव्हापासून मी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज घेतो. येत्या फेब्रुवारीत आमच्या मित्रपरिवारातील चार कुटुंबे गुलमर्गला जाणार आहेत आणि तेथे आठवडाभर स्कीइंग शिकण्याचा सर्वांचा बेत आहे. चांगले हेल्मेट आणि पाठीचे कवच घेतले की काळजी करण्याचे कारण नाही, असे मित्र म्हणतात. पत्नीचा मात्र ठाम विरोध आहे. माझ्याकडे मोटारसायकलचे आयएसआय खुणेचे उत्तम हेल्मेट आणि कवचे बसवलेले जॅकेट आहे. ते चालेल का? नसेल तर कोणते साहित्य घ्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण साहित्याविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. संरक्षक साहित्य आघाताचा जोर कमी करते, रक्तस्राव थांबवत नाही. निरोगी माणसाच्या डोक्याला बसलेला मध्यम धक्का दोन दिवसांच्या डोकेदुखीवर निभावतो, तर आपल्या रक्ताची गोठण्याची क्षमता गोळीने मुद्दाम कमी केलेली असल्यामुळे तेवढ्याच धक्क्याने कवटीच्या आत रक्त साचू शकते. ज्या खेळांत जोराची धडक किंवा पडझड संभवते ते खेळ अशा रुग्णांनी टाळावेत, असेच हृदयरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे पत्नींचा विरोध निराधार नाही. जायचे की नाही हा निर्णय आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी प्रत्यक्ष बोलूनच घ्यावा. त्यांनी शिकाऊ उतारापुरती परवानगी दिली, असे गृहीत धरून पुढील उत्तर लिहीत आहे. त्यांनी नकार दिला, तर कोणत्याही किमतीचे हेल्मेट त्या नकाराला उत्तर ठरत नाही.

शिकाऊ उतारावर काय होणार, असे आपल्या मित्रांना वाटत असेल, तर २००९ सालची एक घटना त्यांना अवश्य सांगावी. अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातील मों त्रांब्लां येथे नवशिक्यांच्या उतारावर धडे घेत असताना पडल्या. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. पडल्यानंतर त्या बोलत होत्या, त्यांनी वैद्यकीय मदतही नाकारली. पण कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत गेले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. पडल्यानंतर काही काळ माणूस अगदी ठीक वाटतो, हाच या प्रकारच्या रक्तस्रावाचा सर्वांत फसवा भाग आहे. दुसरीकडे, २०१३ च्या डिसेंबरात फ्रान्समधील मेरिबेल येथे खडकावर आदळलेले मोटार शर्यतपटू मायकेल शूमाकर यांनी हेल्मेट घातलेले होते, तरीही त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. स्कीइंग आणि स्नोबोर्डिंगमधील अपघातांच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. हे प्रमाण हेल्मेट अनिवार्य मानण्याइतके मोठे आहे आणि केवळ त्याच्यावर विसंबू नये इतके अपुरेही आहे.

आता हेल्मेटविषयी. मोटारसायकलचे हेल्मेट नेऊ नये. रस्त्यावरच्या अपघातासाठी ते योग्य असले तरी त्याचे वजन जास्त असते, त्यामुळे पडताना मानेवर ताण येतो. बाजूचे दिसणे आणि मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू येणे या दोन्ही गोष्टी त्यात कमी होतात, आणि गर्दीच्या उतारावर या दोन्हींची गरज असते. स्कीइंगच्या हेल्मेटवर ‘ईएन १०७७’ हे युरोपीय किंवा ‘एएसटीएम एफ २०४०’ हे अमेरिकी मानक छापलेले असते. युरोपीय मानकात ए आणि बी असे दोन वर्ग आहेत. बी वर्गात कानांवर मऊ गादी असते, तर ए वर्गात कवच अधिक भाग झाकते आणि टोकदार वस्तू आत घुसण्याची चाचणीही अधिक कठोर असते. सर्वसाधारण पर्यटकाला बी वर्ग पुरतो. आपल्यासारख्या रुग्णाने मात्र ऐकू येण्यात थोडी गैरसोय सोसूनही ए वर्ग घ्यावा, असे माझे मत आहे. कवचाच्या आत सरकणारा पातळ थर बसवलेली हेल्मेटे मिळतात. मूळ स्वीडनमधील ‘मिप्स’ ही त्यांतली सर्वांत परिचित पद्धत आहे. तिरका आघात झाल्यावर डोक्याला बसणारा फिरका, म्हणजे गरकन वळण्याचा हिसका, कमी करणे हा त्या थराचा हेतू आहे आणि मेंदूभोवतीच्या शिरा ताणल्या जाण्याशी या फिरक्याचा संबंध असल्यामुळे, थोडे अधिक पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करावेत. युरोपीय चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून आदळले जाते, म्हणजे आदळतानाचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो, हेही आपण लक्षात ठेवावे. सरावलेला पर्यटक उतारावर याच्या दुप्पट वेगाने सहज जातो. आपला वेग कमी ठेवणे हाच हेल्मेटला त्याचे काम करू देण्याचा मार्ग आहे.

हेल्मेट भाड्याने घेऊ नये, विकत घ्यावे आणि पुण्यातच डोक्यावर बसवून पाहावे. त्याच्या आतला थर थर्माकोलच्या जातीचा असतो, तो एका मोठ्या आघातात दबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. भाड्याच्या हेल्मेटने आधी काय सोसले आहे हे बाहेरून दिसत नाही. भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर ते आडवे बसले पाहिजे. पट्टा न लावता डोके हलवल्यावर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर घसरता कामा नये. त्याखाली लोकरीची टोपी घालू नये, कारण तिच्यामुळे ते सैल बसते. गॉगल सोबत नेऊन दोन्ही एकत्र घालून पाहावेत.

पाठीच्या कवचाबद्दल आपल्या मित्रांचा समज थोडा चुकीचा आहे. या कवचांना बहुधा मोटारसायकलसाठीचे ‘ईएन १६२१-२’ हे मानक लावले जाते. त्यातील पहिल्या पातळीत पाठीपर्यंत पोहोचणारा जोर सरासरी १८ किलोन्यूटनच्या (किलोन्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) आत आणि दुसऱ्या पातळीत ९ किलोन्यूटनच्या आत असावा लागतो. म्हणजे थेट फटका, मुका मार आणि स्नायूंतला रक्तस्राव यांपासून दुसऱ्या पातळीचे कवच चांगले रक्षण करते. कणा वाकणे, पिळला जाणे किंवा बसकण मारून पडल्यावर दबणे, हे कोणतेही कवच रोखत नाही. आपल्या बाबतीत मुका मार हाच मुख्य शत्रू असल्यामुळे कवच घ्यावे, पण त्यासोबत नितंब, मांडीची बाजू आणि माकडहाड झाकणारी गादीची चड्डीही घ्यावी. शिकणारा माणूस सर्वांत जास्त वेळा आदळतो तो कुशीवर आणि पार्श्वभागावर. दुकानात पाठीचे कवच प्रतिष्ठेने मांडलेले असते आणि ही चड्डी कोपऱ्यात पडलेली असते. रक्त पातळ असलेल्या नवशिक्याला मात्र तिचा उपयोग अधिक होतो. मोटारसायकलच्या जॅकेटमधील कवचे थंडीत कडक होणाऱ्या प्रकारची असू शकतात. लेबलवर ‘टी’ या अक्षरापुढे उणे चिन्ह असेल, तर ती उणे १० अंशांनाही तपासलेली आहेत असा त्याचा अर्थ. तशी खूण असली तरी ते जॅकेट बर्फासाठी शिवलेले नसते; कवचे काढून घट्ट बनियनमध्ये बसवता येत असतील तरच ती न्यावीत.

ज्याला कोणी संरक्षक साहित्य मानत नाही, त्या बाइंडिंगकडे आता वळतो. बूट स्कीला पकडून ठेवणारी आणि पडताना सोडून देणारी ही यंत्रणा आहे. ती किती जोराला सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवला जातो. भाड्याच्या दुकानात वजन कमी किंवा कौशल्य जास्त सांगण्याचा मोह अनेकांना होतो. आपण तसे करू नये. आपण अगदी नवशिके आहात हे सांगावे, दुकानदाराने आकडा आपल्यासमोर लावावा आणि तो बाइंडिंगच्या खिडकीत दाखवावा, असा आग्रह धरावा. घाईच्या दिवसांत आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहून जाण्याची शक्यता असते. पाय पिळला जाऊन गुडघ्याच्या सांध्यात रक्त भरणे ही आपल्यासाठी महिनोन्‌महिने त्रास देणारी दुखापत ठरेल. बाइंडिंग नळीच्या हाडाचे रक्षण बऱ्यापैकी करते, गुडघ्यातील अस्थिबंधाचे तितके करत नाही. त्यामुळे गुडघ्याचा पट्टा बांधून निर्धास्त होऊ नये.

बुटांबाबत एवढेच सांगतो की आत एकच पातळ, उंच लोकरी मोजा घालावा आणि थर्मलची कड बुटात खोचू नये. बुटाची वरची कड नडगीवर दिवसभर घासली, तर इतरांना लाल वण उठतो, तर आपल्याला मोठी काळीनिळी गाठ येऊ शकते. स्कीच्या पोलादी कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे जाड आणि मनगट झाकणारे असावेत. पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, पट्ट्यात हात अडकवू नये. पडताना अंगठा त्यात पिळला जातो.

गुलमर्गविषयी थोडे. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि शिकाऊ उतार गावाजवळच आहेत. गंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवाट शिखराच्या बाजूला, ३,९०० मीटरच्याही वर जाता येते. तेथील उतार नवशिक्यांसाठी नाहीत, बर्फ दाबून सपाट केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मृत्यू पावले. मित्रांनी कितीही आग्रह केला तरी स्की पायात घालून आपण तेथे जाऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय श्रीनगरला, सुमारे ५० किलोमीटरवर आहे, आणि बर्फवृष्टी चालू असताना हा रस्ता चाकांना साखळ्या बांधून सावकाश पार करावा लागतो. म्हणून डोक्याला जोराचा धक्का बसला, तर हेल्मेट होते, चक्कर आली नाही, बोलणे ठीक आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने थांबू नये. त्याच वेळी सीटी स्कॅनसाठी श्रीनगरला निघावे. संध्याकाळी बर्फ पडणार असा अंदाज असेल, तर दुपारनंतर स्की पायात घालूच नये.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या आकड्याची, तपासणी करावी. स्कीइंगसाठी म्हणून गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नये. यांत्रिक झडपेवर गुठळी होणे हे पडण्याइतकेच जीवघेणे आहे. काश्मीरमध्ये ‘हाख’ ही पालेभाजी रोजच्या जेवणात असते. तिच्यात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करते, तेव्हा ती आठवडाभर रोज खाऊ नये. अंग दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये आणि कोणी स्नायूत वेदनाशामक इंजेक्शन देऊ लागले तर ठामपणे नाही म्हणावे. झडप, गोळीचे नाव आणि मात्रा लिहिलेला इंग्रजी कागद खिशात आणि हेल्मेटच्या आत, दोन्हीकडे ठेवावा. प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सर्व सांगावे. तो आपल्याला शिकवायला कचरला, तर त्याचा राग मानू नये.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. आमच्या १३ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या पोटावर नळीचा इन्सुलिन पंप आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. शाळेच्या सहलीबरोबर ती इटलीतील दक्षिण टिरोलमध्ये स्कीइंगला जाणार आहे. पंपावर पडून तिला इजा होईल का, आणि कवचे कशी घालावीत?
— एक आई, जर्मनी

उत्तर : तिला जरूर पाठवावे. आजार काबूत असेल आणि सोबतच्या शिक्षकांना माहिती असेल, तर मधुमेह हे स्कीइंग न करण्याचे कारण नाही. हेल्मेटबाबत तर प्रश्नच उरत नाही, कारण इटलीत २०२२ पासून १८ वर्षांखालील सर्वांना ते सक्तीचे आहे.

आपली चिंता पंप अंगाला लागेल याची आहे. मला अधिक काळजी थंडीची वाटते. इन्सुलिन गोठले की निकामी होते आणि वितळल्यावर ते दिसायला नेहमीसारखे असले तरी वापरता येत नाही. नळीचा कपड्याबाहेर आलेला भाग उघड्या लिफ्टवर, वाऱ्यात, सर्वांत आधी थंड पडतो. म्हणून पंप आणि पूर्ण नळी सर्वांत आतल्या कपड्याखाली, अंगालगत असावी. पंप कमरेच्या बाजूला किंवा पाठीमागे लावू नये, कारण मुले पडतात ती कुशीवर. पोटाच्या पुढच्या भागावर, नाभीपासून थोडा बाजूला, मऊ पट्ट्याच्या कप्प्यात तो सुरक्षित राहतो. तिला पाठीचे कवच घालायचे असेल, तर त्याचा रुंद कमरपट्टा नळी जेथे शरीरात शिरते त्या जागेवरून जाणार नाही याची घरी पूर्ण पोशाख घालून, वाकून, बसून आणि जमिनीवर लोळून खात्री करावी. हा सराव घरी केला नाही, तर उतारावर नळी उपसली गेल्याचे तासाभराने, साखर वाढल्यावर कळते. दंडावरचा सेन्सर जॅकेट काढघाल करताना निघतो. त्यावर खेळाडू वापरतात तशी ताणणारी चिकटपट्टी लावावी.

साखर कमी झाल्याची लक्षणे आणि थंडीने गारठल्याची लक्षणे सारखीच असतात : थरथर, गोंधळ, चिडचिड, पाय लटपटणे. मुलगी सांगेल तेव्हा किंवा तिच्या वागण्यात फरक दिसेल तेव्हा आधी साखर मोजावी, मोजता आली नाही तर साखर कमी झाली आहे असे समजून ग्लुकोज द्यावे. चॉकलेट या कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते आणि थंडीत ते दगडासारखे होते. ग्लुकोजच्या गोळ्या आतल्या खिशात ठेवाव्यात. बोटातून रक्त घेऊन साखर मोजणारे यंत्रही गारठल्यावर चुकीचा आकडा दाखवते किंवा बंद पडते, तेव्हा तेही अंगाजवळच असावे. जास्तीचे इन्सुलिन पाठीवरच्या पिशवीत ठेवू नये आणि हॉटेलच्या खिडकीच्या कट्ट्यावर तर मुळीच ठेवू नये. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून सहलीतील रात्रींसाठी इन्सुलिनचे प्रमाण किती ठेवावे हे तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ते शिक्षकांच्या हाती द्यावे. साखर फार घसरल्यावर ती वाढवणारे ग्लुकॅगॉन हे औषध कोणाजवळ आहे आणि ते कसे द्यायचे, हे किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असले पाहिजे.

प्रश्न : मी बरीच वर्षे न्यू जर्सीत असून दर हिवाळ्यात स्कीइंग करतो. या उन्हाळ्यात डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. साहित्यात काही बदल हवा का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : शस्त्रक्रियेला अनेक महिने झालेले असल्यामुळे, तपासणीत पेसमेकरपासून हृदयात जाणाऱ्या तारा योग्य जागी आहेत असे दिसल्यास आपल्याला बहुधा परवानगी मिळेल. पेसमेकरवर थेट बसणारा आघात टाळण्यासाठी छातीच्या त्या भागावर मऊ गादी असलेला बनियन घालावा आणि पाठपिशवीचा किंवा कवचाचा पट्टा नेमका त्याच्यावरून जात नाही हे पाहावे.

सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे चुंबक. अलीकडच्या अनेक हेल्मेटांची बकले, गॉगलच्या बदलता येणाऱ्या काचा आणि जॅकेटच्या खिशांची झाकणे चुंबकाने बंद होतात. चुंबक फार जवळ आला की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके लक्षात न घेता ठरावीक गतीने चालू लागतो. चुंबक दूर होताच तो पुन्हा नेहमीसारखा काम करतो. हनुवटीखालचे बकल सहसा पुरेसे दूर राहते, परंतु जॅकेटच्या डाव्या छातीवरचे चुंबकी झाकण आणि त्याच खिशात ठेवलेला फोन किंवा सुटी काच यांपासून १५ सेंटिमीटर अंतर राहत नाही. असे जॅकेट बदलावे, किंवा निदान तो खिसा वापरणे थांबवून चुंबक काढून घ्यावा. आखलेल्या उतारांबाहेर जात असाल आणि हिमस्खलनात शोध घेण्यासाठीचा संदेशक छातीवर बांधत असाल, तर तो आणि पेसमेकर या दोन्हींच्या उत्पादकांच्या सूचना वाचून त्यांतील अंतर ठरवावे, आणि ते अंतर जॅकेटची चेन लावल्यावर, हात वर करून पाहिल्यावरही तसेच राहते ना, हे तपासावे.